तीन हस्कींच्या घरगुती टीमचा साज : हार्नेस, दोर, ब्रेक आणि किकस्लेड यांचे परीक्षण

मिनेसोटासारख्या थंड प्रदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने सायबेरियन हस्की पाळला, की काही काळाने त्याला सोबत म्हणून दुसरा येतो, कोणीतरी दत्तक घ्या म्हणून गळ घालते तेव्हा तिसरा येतो, आणि मग रोज सकाळी पट्टा धरणाऱ्याचा खांदा दुखू लागला की एक साधा प्रश्न पडतो : ओढणे हाच ज्यांचा स्वभाव आहे त्यांना ओढण्याचेच काम का देऊ नये? आमच्या घरी राणी, बंड्या आणि वाघ्या असे तीन हस्की आहेत. ते घरात, माणसांबरोबर राहतात आणि हिवाळ्यात स्थानिक क्लबच्या हौशी शर्यतींत भाग घेतात. या छंदासाठी जे साहित्य लागते त्याचे हे परीक्षण आहे. निष्कर्ष सुरुवातीलाच सांगतो. छोट्या टीमसाठी पैसे खर्च करायचे असतील तर ते आधी हार्नेसवर, म्हणजे कुत्र्याच्या अंगावर चढवायच्या पट्ट्यांच्या साजावर, मग दोरावर, मग ब्रेकवर आणि सर्वांत शेवटी स्लेडवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, करावेत. बहुतेक नवखी मंडळी नेमकी उलट्या क्रमाने खरेदी करतात, कारण स्लेड फोटोत दिसते आणि हार्नेसची शिवण दिसत नाही.

उत्पादकांची नावे मी दिलेली नाहीत. या क्षेत्रातला बराचसा माल दोन-चार माणसांच्या घरगुती कारखान्यांत शिवला जातो, हंगामागणिक कापड आणि कड्या बदलतात, आणि शिवणारा हात बदलला की मालही बदलतो. त्यामुळे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा वस्तू हातात घेतल्यावर काय तपासावे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे.

अपेक्षांचाही हिशेब आधी केलेला बरा. अलास्कात अँकरेजहून नोमपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर धावणाऱ्या इडिटारॉड शर्यतीत किंवा उत्तर मिनेसोटातल्या जॉन बेअरग्रीझ मॅरेथॉनमध्ये दिसणारे कुत्रे बहुतांशी अलास्कन हस्की असतात. ती केनेल क्लबने ठरवलेली जात नसून वेग, भूक आणि पायांची मजबुती पाहून पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली कामकरी मिश्र पैदास आहे. आपल्या घरातला सायबेरियन त्यांच्यापुढे अंमळ संथच ठरतो. जातीच्या प्रमाणित वर्णनाप्रमाणे नराचे वजन २० ते २७ किलो आणि मादीचे १६ ते २३ किलो असावे, म्हणजे तिघे मिळून साधारण एका प्रौढ माणसाच्या वजनाइतके भरतात. परंतु जोर चढलेले असे तीन कुत्रे हलक्या स्लेडवरच्या माणसाला सपाट, दाबलेल्या बर्फावरून सहज पळवतात आणि सुरुवातीच्या काही मिनिटांत तर त्याच्या इच्छेविरुद्धही पळवतात. आम्ही ज्या प्रकारच्या स्प्रिंट शर्यतींना जातो त्यांत कुत्र्यांच्या संख्येनुसार गट असतात आणि छोट्या गटांचे अंतर काही मैलांपुरतेच असते. एका कुत्र्यामागे साधारण एक मैल असा तिथला ढोबळ ठोकताळा आहे. इतक्या अंतरासाठी मोहिमेवर निघाल्यासारखे साहित्य लागत नाही. थोडेच लागते, पण ते नेमके लागते.

आता हार्नेस. पाळीव प्राण्यांच्या मोठ्या दुकानांत मिळणारे, छातीवर आडवा पट्टा असलेले फिरवण्याचे हार्नेस ओढण्यासाठी संपूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण तो आडवा पट्टा खांद्याच्या सांध्यावर येतो आणि पुढचा पाय पूर्ण पुढे टाकू देत नाही. ओढण्याच्या हार्नेसमध्ये भार उरोस्थीवर आणि छातीच्या दोन्ही बाजूंवर पडतो, खांदा मोकळा राहतो आणि श्वासनलिकेवर दाब येत नाही. स्लेडसाठी सर्वांत रुळलेला प्रकार म्हणजे एक्स-बॅक. त्याचे पट्टे पाठीवर फुलीसारखे एकमेकांना छेदून शेपटीच्या मुळाशी एका फासात येतात. या रचनेची एक अट आहे जी विक्रेते क्वचितच स्पष्ट करतात : दोर कुत्र्याच्या मागे, खाली आणि जवळजवळ जमिनीला समांतर गेला पाहिजे. स्लेडचा दोर तसाच जातो. मात्र शरद ऋतूत जेव्हा तेच कुत्रे आपण चाकांच्या स्कूटरला किंवा सायकलला जुंपतो, तेव्हा दोर वरच्या दिशेने चढतो, एक्स-बॅकची मागची बाजू उचलली जाते आणि सगळा ताण भलत्याच ठिकाणी येतो. अशा वापरासाठी पाठीच्या मध्यापर्यंतच येणारा आखूड, म्हणजे हाफ-बॅक, हार्नेस योग्य असतो. एकच हार्नेस घ्यायचा असेल आणि वर्षभर वेगवेगळ्या वाहनांना कुत्रे जुंपायचे असतील, तर मी हाफ-बॅककडे झुकेन. शर्यत फक्त स्लेडची असेल तर एक्स-बॅकला पर्याय नाही.

आमचे तिन्ही एक्स-बॅक उत्तर मिनेसोटातल्या एका छोट्या कारखान्यातून मापाबरहुकूम शिवून घेतले, आणि या संपूर्ण परीक्षणात ज्या सेवेला मी पाचपैकी पाच गुण देईन ती हीच. त्यांनी मानेच्या तळाचा घेर, पुढच्या पायांमागे छातीचा घेर, मानेच्या तळापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि वजन अशी चार मापे मागितली. त्यानंतर कुत्रा उभा असतानाचे बाजूने काढलेले छायाचित्र मागितले. आणि माल पोचल्यावर कुत्रा प्रत्यक्ष ओढत असतानाचे छायाचित्र पाठवा, बसत नसेल तर बदलून देऊ, असे स्वतःहून कळवले. राणीची छाती खोल आणि पाठ आखूड आहे, त्यामुळे तयार आकारांच्या तक्त्यात ती कुठेच बसत नव्हती. तिच्यासाठी त्यांनी दोन आकारांच्या मधला हार्नेस शिवला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. एक्स-बॅकला बहुधा कमी-जास्त करण्याचे बक्कल नसतेच, म्हणून माप हीच त्याची खरी किंमत आहे. उणे वीस अंशांत प्लास्टिकचे बक्कल ठिसूळ होते हे लक्षात घेतले, तर बक्कल नसणे हा दोष न राहता गुण ठरतो.

नीट बसला आहे की नाही हे उभ्या कुत्र्यावर कळत नाही, कारण ताण नसताना एक्स-बॅक ढिला आणि काहीसा बेंगरूळच दिसतो. शेपटीकडचा फास हाताने मागे ओढून पाहावा : गळ्याचा भाग मानेच्या तळाशी टेकून बसला पाहिजे, त्याखाली बोटे सपाट सरकली पाहिजेत, आणि छातीवरचा जोड वर सरकून घशाशी येता कामा नये. धावून आल्यावर काखेतले आणि उरोस्थीवरचे केस उलटे फिरवून त्वचा पाहण्याची सवय आम्ही लावून घेतली आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करणाऱ्या शेतकऱ्याला जू कुठे रुतते ते जसे ठाऊक असते, तसे हार्नेस कुठे घासतो ते जुंपणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि इथे वर्षातून एकदा पाहून भागत नाही. अस्तराच्या बाबतीत बाजारात बराच गोंधळ आहे. जाड, मऊ अस्तर हाताला चांगले वाटते. पण ते पाणी धरते, ओले झाले की गोठते आणि गोठलेली कड काखेत करवतीचे काम करते. पातळ, बंद पेशींच्या फोमचे अस्तर आणि त्यावर घट्ट विणीचे कापड हा प्रकार आम्हाला अधिक टिकाऊ वाटला. दुसऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेल्या सुट्या हार्नेसची शेपटीकडची शिवण पहिल्याच हंगामात उसवली; तिथे एकाच रेषेत टाके घातलेले होते, जिथे पुन्हा पुन्हा आडवे-तिरके टाके हवेत. खरेदी करताना सर्वांत आधी हीच जागा पाहावी.

हार्नेसमागोमाग येतो दोर. छोट्या टीमच्या दोराची रचना सोपी आहे : मधून जाणारी मुख्य दोरी म्हणजे गँगलाइन, तिच्यापासून प्रत्येक हार्नेसच्या फासाला जाणारी टगलाइन, आणि गळ्यातल्या पट्ट्याला जोडणारी आखूड नेकलाइन. ओढण्याचा सगळा भार टगलाइनवर असतो. नेकलाइनने ओढायचे नसते, तिने कुत्र्याला फक्त रांगेत ठेवायचे असते. म्हणूनच नेकलाइन मुद्दाम बारीक दोरीची असावी, म्हणजे दोन कुत्रे झाडाच्या दोन बाजूंनी गेलेच तर मान अडकण्याऐवजी दोरी तुटेल. आमच्या संचात कारखान्याने नेकलाइन गँगलाइनच्याच जाडीची दिली होती. दिसायला ती भक्कम होती, पण आम्ही ती लगेच काढून बारीक लावली, आणि या एका कारणासाठी त्या संचाचा एक गुण मी कापतो.

मुख्य दोरी पोकळ विणीच्या पॉलिएथिलीनची असावी. हा दोर पाणी शोषत नाही, त्यामुळे ओल्या बर्फातून आल्यावर नायलॉनसारखा काठी होऊन बसत नाही. आणि पोकळ असल्यामुळे गाठ न मारता दोराचे टोक दोराच्याच पोटात ओवून जोड देता येतो. गाठीने दोर कमकुवत होतो, शिवाय गोठलेली गाठ थंडीत उघडणे जवळजवळ अशक्य असते. ओवलेला जोड मात्र घरी, चुलीशेजारी बसून, एका पोकळ सुईने दुरुस्त करता येतो, आणि ही कला यायलाच हवी, कारण तिघांपैकी एक तरी दोर चावणारा निघतोच. आमच्याकडे तो मान बंड्याचा आहे. पोलादी तार भरलेला दोर चावणाऱ्यांसाठी विकला जातो. तो खरोखर तुटत नाही, पण आणीबाणीत सुरीने कापताही येत नाही, म्हणून मी तो घेणार नाही. कड्या पितळेच्या असाव्यात, त्या गंजत नाहीत, आणि त्यांचा खटका जाड हातमोज्यांसकट दाबता येईल एवढा मोठा असावा. स्वस्त संचातल्या छोट्या खटक्यांत ओला बर्फ शिरून ते गोठतात आणि मग हातमोजा काढून, उघड्या बोटांच्या उबेने कडी वितळवत बसावे लागते. उणे वीस अंशांत हा उद्योग कोणी स्वखुशीने करत नाही. गँगलाइन आणि स्लेड यांच्यामध्ये लवचीक दोराचा एक तुकडा असतो, तो झटके गिळतो. तो वगळून पैसे वाचवू नयेत, कारण निघतानाचा पहिला हिसका कुत्र्यांच्या पाठीवर आणि स्लेडच्या जोडांवर सारखाच बसतो.

तीन कुत्र्यांची मांडणी कशी करावी यावर मतभेद आहेत. आम्ही राणीला एकटीला पुढे आणि दोघांना मागे ठेवतो, कारण उजवीकडे वळण्याचे ‘जी’, डावीकडे वळण्याचे ‘हॉ’ आणि वाटेतल्या खारीकडे न पाहता पुढे जाण्याचे ‘ऑन बाय’ हे तीन हुकूम खात्रीने ऐकणारी ती एकटीच आहे. त्यामुळे गँगलाइन मागवताना एक पुढे आणि दोन मागे अशी सांगून मागवली. चार कुत्र्यांचा तयार दोर घेऊन एक जागा रिकामी ठेवली तरी चालते, पण लोंबणारी रिकामी टगलाइन पायात येते.

ब्रेकबद्दल जरा कठोरपणे लिहिणे भाग आहे, कारण हौशी लोकांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच संचांत ब्रेक नसतोच. किकस्लेड मूळची माणसाने पायाने ढकलण्याची घसरगाडी असल्यामुळे तिला थांबवण्यासाठी पाय टेकणे पुरेसे मानले जाते. कुत्रे जुंपल्यावर ते पुरत नाही. एक शांत कुत्रा असेल तर कदाचित जमेल. दोन असतील तर बर्फ खोल आहे की कडक यावर अवलंबून. तीन असतील तर ब्रेकशिवाय घराबाहेर पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्वांत सोपा आणि स्वस्त उपाय म्हणजे स्नोमोबिलच्या, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारीच्या, जुन्या रबरी पट्ट्याचा एक तुकडा गाडीखालच्या दोन्ही घसरपट्ट्यांच्या मध्ये मागे लोंबता बांधणे. त्यावर पाय ठेवला की त्याचे दात बर्फात रुततात आणि वेग उतरतो. आम्ही असा पट्टा तयार विकत घेतला, तो किकस्लेडला बसवण्याचे लोखंडी कानही सोबत आले, आणि पाचपैकी साडेचार गुण देण्याइतका तो समाधानकारक आहे. उतारावर वेग ताब्यात ठेवण्यासाठी आणि पुढचा दोर सतत ताणलेला राहण्यासाठी त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. पूर्ण थांबवण्यासाठी मात्र खऱ्या स्लेडवरचा टोकदार नख्यांचा ब्रेकच लागतो, आणि किकस्लेडला तो बसवण्याएवढी तिची चौकट दणकट नसते.

थांबल्यानंतर टीम जागेवर धरून ठेवणे हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी बर्फात रोवण्याचा स्नोहुक मिळतो. दाबलेल्या खोल बर्फात तो उत्तम धरतो, पातळ बर्फात किंवा नुसत्या थिजलेल्या तळ्यावर तो निव्वळ शोभेचा असतो. निघण्यापूर्वी कुत्रे जुंपताना आम्ही त्यावर कधीच विसंबत नाही. स्लेड झाडाला किंवा गाडीच्या हुकला एका जाड दोराने बांधतो, त्या दोराला ताण असतानाही एका ओढीत सुटणारी कडी लावतो, आणि सगळे जुंपून झाले, हातात दांडा आला, की मगच ती ओढतो. ही कडी जहाजांच्या साहित्याच्या दुकानात मिळते तीच घ्यावी; घोड्यांसाठी मिळणाऱ्या हलक्या कड्या तिघांच्या ताणाखाली सुटेनाशा होतात.

आता किकस्लेड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर स्वीडनमध्ये प्रथम नोंद झालेली ही घसरगाडी म्हणजे पुढे एक छोटी बैठक, मागे उभा दांडा आणि खाली दोन लांब, लवचीक पोलादी पट्ट्या. दांडा पिळला की पट्ट्या किंचित वाकतात आणि गाडी वळते. आमची फिनिश बनावटीची आहे, घडी होते, एका हाताने उचलता येते आणि साध्या मोटारीच्या मागच्या भागात मावते. शर्यतीची लाकडी स्लेड वाहून नेण्यासाठी लागणारा छतावरचा रॅक किंवा ट्रक त्यामुळे लागत नाही. किंमतही शर्यतीच्या स्लेडच्या तुलनेत बरीच कमी पडते. कडक बर्फावर आणि गोठलेल्या तळ्यावर नुसती पोलादी पट्टी पळते; भुरभुरीत बर्फावर मात्र तिच्यावर रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या चढवाव्या लागतात, नाहीतर ती सुरीसारखी खाली जाते. त्या चढवायला वेळ लागत नाही, पण थंडीत प्लास्टिक आकसलेले असताना जोर लावावा लागतो, म्हणून घरीच चढवून निघावे. दोर जोडताना तो बैठकीला किंवा दांड्याला न बांधता, पट्ट्या जिथे पुढे वर वळतात तिथे दोन्हीकडून खालून आणलेल्या दोराच्या त्रिकोणाला जोडावा. वर बांधला तर पहिल्याच वळणावर गाडी उलटते.

तिच्या मर्यादा खऱ्या आहेत. ती अरुंद आणि उंच असल्यामुळे वेगात घेतलेले वळण तिला मानवत नाही, एक वीतभर ताजा बर्फ पडला की ती अडते, आणि तीन कुत्रे हे तिच्या क्षमतेचे अगदी टोक आहे. दोन कुत्र्यांसाठी मी तिला पाचपैकी साडेचार देईन, तीनसाठी तीन, आणि चारसाठी तिचा विचारही करू नये. शर्यतीच्या दृष्टीने आणखी एक अडचण अशी, की स्लेडच्या गटांत सामान्यतः चालता ब्रेक आणि थकलेल्या किंवा दुखावलेल्या कुत्र्याला आत घालून परत आणता येईल अशी पिशवी असणे बंधनकारक असते, आणि किकस्लेडवर अशी पिशवी ठेवायला जागा नसते. काही क्लब किकस्लेडचा वेगळा गट ठेवतात. ज्यांच्या जवळच्या क्लबमध्ये तो नाही, त्यांनी सरावासाठी किकस्लेड घ्यावी आणि शर्यतीपुरती एखाद्या जुन्या मशरची, म्हणजे कुत्र्यांची स्लेड हाकणाऱ्याची, स्लेड मागून आणावी. हे लोक आपली स्लेड देताना फारशी खळखळ करत नाहीत.

कुत्र्यांच्या पायातल्या बूटांविषयी थोडक्यात. कॉर्ड्युरा कापडाचे, वर वेल्क्रोचा पट्टा असलेले साधे बूट पुरतात. चामडी तळाचे महागडे बूट शहरात मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालण्यासाठी ठीक आहेत, धावण्यासाठी नाहीत. वेल्क्रो घट्ट ओढला तर पंजाचे रक्ताभिसरण अडते, म्हणून धाव संपली की पाणी पाजण्याच्याही आधी बूट काढावेत. ओलसर बर्फ बोटांमधल्या केसांत गोळे धरतो, त्या दिवशी बूट घालायलाच हवेत. कोरड्या थंडीत वाघ्या अनवाणीच बरा पळतो. बूट हरवतात, फाटतात, आणि त्याचे वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

साहित्य कितीही चांगले असले तरी ते कुठे वापरता येईल याची चौकशी खरेदीआधी करावी. स्कीसाठी आखलेल्या बहुतेक मार्गांवर कुत्र्यांना मनाई असते, कारण पंजे आणि नख्यांचा ब्रेक आखलेली वाट उखडतात. स्नोमोबिलच्या मार्गांवर परवानगी असली तरी समोरून ताशी ऐंशी किलोमीटरने येणाऱ्या यंत्रासमोर तीन कुत्रे उभे करणे मला मान्य नाही. गोठलेली तळी ही मिनेसोटाची खरी देणगी आहे, मात्र तिथल्या नैसर्गिक साधनसंपत्ती विभागाची सूचना माणसाने चालण्यासाठी किमान चार इंच नवा, पारदर्शक बर्फ असावा अशी आहे, आणि ही मर्यादा फक्त पायी माणसासाठी आहे हे विसरू नये. हवामानाचेही भान हवे. थर्मामीटर दहा अंश सेल्सियसच्या वर असेल तर आम्ही जुंपतच नाही, कारण हस्की उष्णतेने कोसळेपर्यंत ओढत राहतो, तो स्वतःहून थांबत नाही. पुण्याहून नातेवाईक फोन करतात आणि तिथे कोणीतरी वातानुकूलित फ्लॅटमध्ये हस्की आणल्याचे कौतुकाने सांगतात, तेव्हा मी विषय बदलतो. तसेच दीड वर्षाच्या आतल्या पिल्लाला भार ओढायला लावू नये. त्याच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते आणि कोणताही हार्नेस ती उणीव भरून काढत नाही.

ज्यांना पुढच्या हिवाळ्यात सुरुवात करायची आहे त्यांनी हार्नेसची मागणी ऑगस्टमध्ये नोंदवावी, कारण ऑक्टोबर उजाडला की या छोट्या कारखान्यांकडे अनेक कुत्रे पाळणाऱ्या मोठ्या केनेलांची कामे येतात आणि तीन कुत्र्यांचे गिऱ्हाईक रांगेत मागे जाते. मात्र ऑगस्टमध्ये कुत्रा उन्हाळी केसांत असतो, त्यामुळे मानेचा आणि छातीचा घेर तेव्हा कमी भरतो. मागणी देताना हे माप उन्हाळ्यातले आहे असे स्पष्ट लिहावे, आणि गेल्या जानेवारीत घेतलेले माप वहीत असेल तर तेही सोबत पाठवावे.